जुनी ॲल्युमिनियमची फिशिंग बोट घरी दुरुस्त करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. त्यांच्या काठच्या गावांतून गाडी नेली की कुणाच्या ना कुणाच्या शेडमागे गवतात उपडी पडलेली ॲल्युमिनियमची बोट दिसतेच. ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी बऱ्याच जणांनी अशा बोटी घेतल्या आहेत. विचारणा सतत होते आणि प्रश्न बहुधा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. इथलं सामान फूट, इंच, पौंडांतच मिळतं, त्यामुळे मापंही तीच ठेवली आहेत.

माझा आग्रह एकच आहे: आधी ट्रान्सम (बोटीची मागची भिंत), मग गळती, मग सीटखालचा फोम. रंग, गालिचा आणि फिरत्या खुर्च्या सगळ्यांत शेवटी. बहुतेक जण नेमके उलटे जातात. मग पहिल्याच उन्हाळ्यात सुंदर रंगवलेल्या बोटीत घोट्याएवढं पाणी साठतं.

जुनी बोट बघायला गेल्यावर आधी काय बघायचं?

रंग बघू नका. उडालेला रंग ही किंमत पाडून घ्यायची संधी आहे, दोष नाही.

पहिल्या कामासाठी १२ ते १६ फुटी, रिव्हेट (पत्रे जोडायला ठोकून बसवतात ते धातूचे खिळे) मारलेली साधी बोट घ्या. लंड, अल्युमाक्राफ्ट, क्रेस्टलायनर, स्टारक्राफ्ट, मिरोक्राफ्ट ही नावं या भागात वारंवार दिसतील. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा विमानं बांधणाऱ्यांकडे पत्रा होता आणि रिव्हेट मारणारे सराईत हातही होते. ग्रमन या लढाऊ विमानं बांधणाऱ्या कंपनीने १९४५ मध्ये ॲल्युमिनियमच्या कनू (वल्हवायच्या अरुंद होड्या) काढल्या, अल्युमाक्राफ्ट १९४६ मध्ये सुरू झाली आणि लंड १९४८ मध्ये मिनेसोटातल्याच न्यू यॉर्क मिल्स गावात. बांधणीची पद्धतही तीच आली: आत फासळ्या, त्यांवर पातळ पत्रा, आणि दोन्ही जोडणाऱ्या रिव्हेटांच्या लांबच लांब रांगा. दुरुस्ती करताना हा सांगाडा सतत डोक्यात ठेवा.

बोट उपडी करून मागून एका डोळ्याने तळाची रेघ बघा. मागच्या तीन-चार फुटांत तळ खोलगट झाला असेल तर बोट वेगात नीट चालत नाही, आणि ते घरी सरळ करणं अवघड आहे. मधल्या कण्याच्या बाजूचे रिव्हेट, फासळ्यांच्या कडेने जाणाऱ्या बारीक चिरा आणि ट्रान्समचे दोन्ही कोपरे हाताचं बोट फिरवून तपासा. वर्षानुवर्षं उपडी पडलेली बोट बहुधा बरी निघते. पावसाचं पाणी साठून हिवाळ्यात गोठलेल्या बोटीपासून मात्र दूर राहा. बर्फ फुगतो, सांधे उसवतो, आणि ते बाहेरून पटकन दिसत नाही.

शेवटी दोघांनी मिळून एक टोक उचलून बघा. १४ फुटी रिकामी बोट साधारण दोन-अडीचशे पौंडांची असते. ती जागची हलत नसेल तर सीटखालचा फोम पाणी पिऊन बसलाय असं समजा.

हे ट्रान्सम म्हणजे काय, आणि त्याचं एवढं महत्त्व का?

बोटीची मागची उभी भिंत म्हणजे ट्रान्सम. आउटबोर्ड इंजिन तिथेच टांगतात. बाहेरून नुसता पत्रा दिसतो, पण जोर घेते ती आतली प्लायवूडची जाड फळी, बहुतेक बोटींत दीड इंचाची. इंजिनचं वजन आणि त्याचा पुढे ढकलणारा रेटा सगळा त्या फळीवर येतो. चाळीस वर्षं बोल्टांच्या भोकांतून पाणी झिरपलं की फळी कुजते. पत्रा मात्र चांगला दिसत राहतो.

तपासायचं असं: इंजिन असेल तर त्याचा खालचा भाग धरून वर-खाली हलवा, नसेल तर ट्रान्समच्या वरच्या कडेवर वजन टाका. पत्रा जरा जरी लवला तर फळी गेलेली आहे. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. सुक्या लाकडाचा टणक आवाज येतो, कुजलेल्याचा भद्द. ड्रेनच्या, म्हणजे पाणी बाहेर काढायच्या, भोकातून पेचकस टोचून बघा. टोकाला काळा ओला भुसा आला तर आणखी काही बघायची गरज नाही.

फळी कुजली म्हणून बोट सोडू नका, किंमत कमी करून घ्या. तिशी उलटलेल्या बोटीची फळी बदलावी लागणार असंच मी धरून चालतो.

कागदपत्रांचं काय?

कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. १ नोव्हेंबर १९७२ नंतर बांधलेल्या बोटीवर बारा अक्षरी क्रमांक असतो, ट्रान्समच्या उजव्या बाजूला वरच्या भागात. पहिली तीन अक्षरं कंपनीची. ऑगस्ट १९८४ नंतरच्या बोटींत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात. तो क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळला पाहिजे. ट्रेलरची नोंदणी वेगळी असते, तिचे कागद वेगळे मागा. आणि हा क्रमांक किंवा कपॅसिटी प्लेट (किती माणसं आणि वजन चालेल ते लिहिलेली पट्टी) रंगवताना झाकून टाकू नका.

गळती नेमकी कुठे आहे हे कसं कळणार?

बोट ट्रेलरवर ठेवा, ड्रेनचं बूच लावा आणि आत नळ सोडा. पण बेताने. १४ फुटी बोटीत चार इंच पाणी म्हणजे हजार पौंडांच्या आसपास वजन. जुना ट्रेलर आणि तळाचा पातळ पत्रा दोघांनाही ते झेपलं पाहिजे. ट्रेलरखाली जॅक आणि लाकडी ठोकळे लावा, तळाला मधे मधे आधार द्या आणि पाणी इंच-दोन इंचांच्या टप्प्याने वाढवा.

मग खाली आडवे होऊन बघत राहा. बाहेरचा पत्रा कोरडा ठणठणीत पुसलेला असला पाहिजे. प्रत्येक थेंबाजवळ मार्करने गोल करा. जोरात गळणारा रिव्हेट लगेच सापडतो, नुसता पाझरणारा अर्ध्या तासाने. थेंब पडतो तिथेच भोक असेल असं नाही; पाणी सांध्याच्या कडेने सरकत येतं. म्हणून थेंबापासून वरच्या दिशेने हाताचं बोट फिरवत ओल कुठे सुरू होते ते शोधा. सगळ्या खुणांचे फोटो काढून ठेवा, रंग खरवडताना खुणा पुसल्या जातात.

रिव्हेट गळतोय. वरून सीलंट फासलं तर चालेल का?

नाही. बाहेरून फासलेलं सीलंट एखादा हंगाम टिकतं. ढिला रिव्हेट प्रत्येक लाटेसोबत हलतो आणि सीलंट सोलून काढतो. आधी रिव्हेट घट्ट करायचा.

नुसता पाझरत असेल तर तो पुन्हा ठोकून घट्ट होतो. याला दोन माणसं लागतात. एकजण आतून रिव्हेटच्या शेपटीवर जड लोखंडी ठोकळा गच्च दाबून धरतो, दुसरा बाहेरून डोक्यावर हातोडीचे किंवा एअर हॅमरचे आटोपशीर ठोके देतो. ठोकळा दोन-तीन पौंडांचा आणि सपाट तोंडाचा हवा. ठोके थोडे द्या. जास्त ठोकलं की रिव्हेटभोवतीचा पत्रा ताणून पसरतो आणि शेजारचे दोन रिव्हेट गळायला लागतात. घरात बारा-चौदा वर्षांचं मूल असेल तर ठोकळा धरायला त्याला घ्या, कानाला संरक्षण आणि डोळ्याला चष्मा लावून. आमच्या लेकीने हे काम फार मन लावून केलं.

डोकं तुटलेला किंवा बोटाने फिरणारा रिव्हेट काढूनच टाकावा लागतो. डोक्याच्या बरोबर मधे पंचाने खूण करा, रिव्हेटच्या दांडीपेक्षा किंचित बारीक बिटने फक्त डोक्याच्या जाडीएवढं भोक पाडा, छिन्नीने डोकं उडवा आणि दांडी पंचाने आत ढकला. सगळं कौशल्य पत्र्यातलं भोक मोठं होऊ न देण्यात आहे. ३/१६ इंची रिव्हेटला नंबर ११ बिटचं भोक बरोबर बसतं. भोक लांबट झालंच असेल तर एक माप मोठा रिव्हेट घ्या.

नवा रिव्हेट भरीव ॲल्युमिनियमचा घ्या. भोकात आणि डोक्याखाली पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट लावा, थ्री-एमचं ५२०० इथे सगळीकडे मिळतं. मग रिव्हेट घाला. ठोकण्याआधी त्याची शेपटी पत्र्याबाहेर व्यासाच्या दीडपट राहिली पाहिजे, म्हणजे ३/१६ इंची रिव्हेटला ९/३२ इंच. ठोकून झाल्यावर आतलं डोकं व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्म्या व्यासाएवढं उंच दिसलं की काम नीट झालं. वाकडं बसलं तर काढून दुसरा घाला.

आत हात पोचत नसेल तिथे पॉप रिव्हेट (एकाच बाजूने बसवता येणारा) वापरावा लागतो, पण बंद टोकाचा, आणि आतली खिळीसुद्धा ॲल्युमिनियमचीच. हार्डवेअर दुकानात सहज मिळणाऱ्या साध्या पॉप रिव्हेटला मधून आरपार भोक असतं आणि त्याची पोलादी खिळी गंजते. पाण्याखाली त्याचा उपयोग नाही.

सगळे रिव्हेट घट्ट झाले की आतून सांध्यांवर पातळ इपॉक्सीचा हात मारा. ग्लूव्हिट नावाचं दोन भागांचं मिश्रण याच कामासाठी मिळतं. ते रिव्हेट ठोकल्यावर लावायचं, त्याऐवजी नाही.

सिलिकॉन सीलंट घरात पडून आहे. तेच वापरू का?

नको. पाण्याखाली ते टिकत नाही, आणि एकदा लागलं की त्या जागी पुढे ना रंग धरतो ना दुसरं सीलंट.

सरळ वेल्डिंग का करून घेऊ नये?

रिव्हेटच्या सांध्यावर वेल्डिंग करू नका. पत्रा बहुतेक ठिकाणी दोन मिलिमीटरहूनही पातळ, त्यात सांध्याच्या फटीत जुनं सीलंट, रंग आणि ओल. उष्णतेने पत्रा वाकतो आणि शेजारचे रिव्हेट ढिले पडतात. शिवाय जुन्या बोटीचा मिश्रधातू कोणता हे माहीत नसतं. ५०५२ चांगला वेल्ड होतो, काही मिश्रधातूंना चिरा जातात.

गॅसच्या बत्तीवर वितळणाऱ्या कांड्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ॲल्युमिनियम सुमारे ६६० अंश सेल्सियसला वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. तो थर पूर्ण खरवडल्याशिवाय कांडी पत्र्याला धरत नाही. पाण्याबाहेरच्या एखाद्या स्क्रूच्या भोकाला ती चालेल, तळाला नाही.

चीर किंवा मोठं भोक असेल तर?

ठिगळ लावा. चिरेच्या दोन्ही टोकांना १/८ इंचाचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे पळत नाही. ५०५२ चा पत्रा चिरेपलीकडे सगळीकडून किमान दीड-दोन इंच जाईल असा कापा, कोपरे गोल करा, मधे भरपूर सीलंट लावून कडेने रिव्हेट मारा. लोखंडी किंवा गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं ठिगळ कधीच लावू नका. त्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम काही वर्षांत कुरतडलं जाईल.

ट्रान्समची फळी बदलायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्या कामात इथे सर्वांत जास्त वेळ द्या.

वरची ॲल्युमिनियमची पट्टी आणि कोपऱ्यांचे तुकडे रिव्हेट काढून सोडवा. प्रत्येक तुकड्यावर मार्करने डावा-उजवा लिहा. जुनी फळी शक्यतो अखंड बाहेर काढा, कारण तोच तुमचा साचा आहे. तुकडे झाले तर पुठ्ठ्यावर मांडून आकार उतरवून घ्या.

नवी फळी मरीन प्लायवूडची, किंवा बाहेरच्या कामासाठीच्या चांगल्या प्रतीच्या प्लायवूडची करा. पाऊण इंचाचे दोन थर इपॉक्सीने एकमेकांना चिकटवले की दीड इंच होतात. जाडी जुन्या फळीएवढीच ठेवा, नाहीतर वरची पट्टी बसणार नाही.

डेकसाठी विकतात ते हिरवट झाक असलेलं ट्रीटेड (कुजू नये म्हणून रसायन पाजलेलं) लाकूड मात्र बोटीत आणू नका. हा सल्ला मी प्रत्येकाला देतो आणि तरीही दुकानातला माणूस सांगतो म्हणून लोक तेच घेऊन येतात. अमेरिकेत २००३ च्या अखेरीपासून घरगुती वापराच्या ट्रीटेड लाकडात आर्सेनिकवाल्या रसायनाची जागा तांब्याचं प्रमाण जास्त असलेल्या रसायनांनी घेतली. ओलं लाकूड, त्यातलं तांबं आणि लगटून बसलेलं ॲल्युमिनियम, असं एकत्र आलं की पत्र्याला आतून खड्डे पडायला लागतात. लाकूड वीस वर्षं टिकेल, पण ते ज्या पत्र्याला आधार द्यायला बसवलं तोच आधी जाईल.

साध्या प्लायवूडला इपॉक्सीचे तीन हात मारा. कडांना जास्त, कारण पाणी कडांतूनच शिरतं. बोल्टांची भोकं हव्या मापापेक्षा मोठी पाडा, घट्ट केलेल्या इपॉक्सीने पूर्ण भरा, वाळल्यावर बरोबर मधून योग्य मापाचं भोक पाडा. आता बोल्टजवळून पाणी शिरलं तरी लाकडाला लागणार नाही. जुने जाणते उकळलेलं जवसाचं तेल, मिनरल स्पिरिट आणि स्पार व्हार्निश यांचं मिश्रण लाकडाला पाजतात. तीही चांगली पद्धत आहे. पण त्या तेलाच्या चिंध्या चोळामोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. घराबाहेर पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा.

बोल्ट ३१६ स्टेनलेसचे घ्या. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांच्यात टेफ-जेलसारखी पेस्ट किंवा नायलॉनचा वॉशर आला पाहिजे. फळी बसवण्याआधी आतला पत्रा लख्ख घासून प्रायमर मारा. ती जागा पुढची पंचवीस-तीस वर्षं पुन्हा दिसणार नाही.

सीटखालचा फोम ओला आहे. काढून टाकून तिथे सामान ठेवायला जागा केली तर?

फोम काढा, पण नवा भरल्याशिवाय बोट पाण्यात नेऊ नका.

ॲल्युमिनियम पाण्याच्या २.७ पट जड असतं. लाकडी होडी भरली तरी लाकूड तिला वर धरतं. ॲल्युमिनियमची बोट भरली की फोमच तिला वर धरतो, नाहीतर ती इंजिनसकट तळाशी जाते. ऑगस्ट १९७८ पासून बांधलेल्या वीस फुटांखालच्या आउटबोर्ड बोटी पाण्याने भरल्यावरही आडव्या, समतोल तरंगल्या पाहिजेत असा इथे नियम आहे. तो बोटीला धरून राहणाऱ्या माणसांसाठी आहे. मासेमारीचा हंगाम मेच्या मध्यावर उघडतो तेव्हा उत्तरेकडच्या तळ्यांवरचा बर्फ वितळून काही वेळा जेमतेम पंधरवडा झालेला असतो. इतक्या गार पाण्यात हातपाय काही मिनिटांतच ऐकेनासे होतात, पट्टीच्या पोहणाऱ्याचेसुद्धा.

दोन पौंडी घनतेचा (घनफुटाला दोन पौंड) ओतायचा पॉलियुरेथेन फोम दर घनफुटाला सुमारे ६० पौंड वजन तोलतो. निळ्या किंवा गुलाबी इन्सुलेशनच्या पाट्या कापून बसवल्या तर स्वस्त पडतं आणि त्या पाणी फार कमी पितात. पण त्या पॉलिस्टायरीनच्या असतात आणि पेट्रोल लागलं की विरघळतात. पेट्रोलची टाकी असते त्या मागच्या भागात पॉलियुरेथेन, पुढे पाट्या, अशी वाटणी मला पटते. जुन्या फोमचं घनफळ मोजून ठेवा आणि त्याहून कमी भरू नका. जागाही तीच ठेवा. फोम उंचावर, कडेला आणि मागे इंजिनजवळ असतो तो बोट उलटू नये म्हणून. फोमच्या खाली, कण्याच्या बाजूने, पाण्याला ड्रेनकडे वाहून जायला वाट सोडा. जुना फोम भिजला तो बहुतेकदा ही वाट बुजल्यामुळे.

ओतायचा फोम पसरतो तेव्हा त्याला जोर असतो. एकदम ओतलात तर सीटचा पत्रा फुगवून टाकेल. थोडा थोडा ओता, आणि वाफा विषारी असतात म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवून योग्य मास्क लावा.

मधला बाक कापून सपाट डेक करायचा विचार आहे.

व्हिडिओंमध्ये हेच सर्वांत आकर्षक दिसतं, आणि मी याच्या विरोधात आहे. आडवा बाक बोटीच्या दोन्ही बाजू ताणून धरतो. तो कापला की लाटेवर बाजू आत-बाहेर होतात आणि तुम्ही घट्ट केलेले रिव्हेट पुन्हा ढिले होतात. त्याच्या पोटातला फोमही जातो.

उंच डेकचा आणखी एक त्रास आहे. पाऊण इंची प्लायवूडची अखंड ४ बाय ८ फुटी पाटी सुमारे ७० पौंडांची. त्यावर गालिचा, त्यावर खुर्ची, खुर्चीवर माणूस, आणि तो मासा ओढायला कडेला वाकतो. एवढं सगळं वजन वर गेलं की अरुंद बोट डगमगू लागते. पाय ठेवायला सपाट जागा हवी असेल तर फासळ्यांवर, तळालगत, अर्धा इंची प्लायवूडची काढता येण्यासारखी फरशी करा. गालिच्यापेक्षा मरीन व्हिनाइल घाला. गालिचा ओल धरून ठेवतो आणि माशांचा वास कायमचा राहतो.

पत्र्यावर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे आहेत. बोट गेली का?

बहुतेकदा नाही. ओल्या गालिच्याखाली किंवा ओल्या फोमला चिकटून राहिलेल्या पत्र्यावर हे होतं. नायलॉनच्या ब्रशने घासा, ॲल्युमिनियमसाठी मिळणारं फॉस्फोरिक आम्लाचं क्लीनर लावून भरपूर पाण्याने धुवा. खड्ड्यात पेचकसाचं टोक दाबून बघा. टणक असेल तर इपॉक्सीची लांबी (पुट्टी) भरून प्रायमर मारा. आरपार गेलं तर ठिगळ.

तळाशी पडलेली तांब्याची नाणी आणि गळाची शिशाची वजनं रोजच्या रोज वेचा. साठलेल्या पाण्यात एक पेनी ॲल्युमिनियमला चिकटून राहिली की बरोबर तेवढ्याच आकाराचा खड्डा पडलेला सापडतो.

रंग कसा द्यायचा?

जुना रंग घट्ट धरून असेल तर पूर्ण काढायची गरज नाही. पोपडे खरवडा, उरलेला पॉलिश पेपरने खरखरीत करा, त्यावरच नवा मारा. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासणीची कांडी दुकानात मिळते. शिसं निघालं तर ओलं घासा, मुलांना लांब ठेवा.

कॉस्टिक सोडा असलेलं कुठलंही रिमूव्हर किंवा ओव्हन क्लीनर ॲल्युमिनियमवर चालत नाही, ते पत्राच खातं. पोलादी तारेचा ब्रश नको, त्याचे कण पत्र्यात रुतून गंजतात. वाळूच्या फवाऱ्याने पातळ पत्रा वाकतो.

उघड्या पडलेल्या पत्र्यावर काही मिनिटांतच ऑक्साइडचा थर धरू लागतो आणि त्या थरावर रंग टिकत नाही. म्हणून सकाळी घासलं तर त्याच दिवशी प्रायमर लागलाच पाहिजे. सेल्फ-एचिंग प्रायमरचा एक पातळ हात, त्यावर मरीन किंवा ट्रॅक्टरसाठीचा एनॅमल, पातळ दोन-तीन हात. हार्डनर घातलात तर त्याच्या वाफांसाठी साधा कापडी मास्क पुरत नाही. आतला रंग फिकट आणि बिनचमकीचा निवडा. जुलैच्या उन्हात गडद रंगाच्या बोटीत अनवाणी पाय टेकवत नाही. तांबं असलेला अँटीफाउलिंग (तळाला शेवाळ-शिंपले धरू न देणारा) रंग ॲल्युमिनियमला लावायचाच नाही.

वायरिंग घरी करता येईल?

येईल. बॅटरीचा निगेटिव्ह गाडीसारखा पत्र्याला जोडू नका, प्रत्येक दिव्याला आणि पंपाला दोन वायरी स्वतंत्र न्या. पत्र्यातून वीज वाहिली तर बोट पाण्यात उभ्या उभ्या झिजते. कथिलाचा मुलामा दिलेली मरीन वायर घ्या, मुख्य फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आत बसवा.

काम हिवाळ्यात करता येतं का?

लाकूडकाम तळघरात खुशाल करा. इपॉक्सी, सीलंट आणि रंग ५० अंश फॅरेनहाइटखाली नीट धरत नाहीत. आणि रंगाच्या वाफा असताना गॅरेजमध्ये ज्योतीचा हीटर लावणं म्हणजे स्फोटाला आमंत्रण आहे. रंग जूनवर ठेवा.

उन्हाळ्यात आई-बाबा येणार आहेत. त्यांना या बोटीतून नेता येईल?

जरूर न्या, पण बोट आधी तुम्ही स्वतः दोन-चार वेळा चालवून बघितलेली असू द्या. कपॅसिटी प्लेटवर माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. प्लेट नसेल तर लांबी गुणिले रुंदी भागिले १५, मापं फुटांत. १४ फूट लांब, ५ फूट रुंद बोटीला ४.६६ येतं, म्हणजे चार माणसं. पाचवा नको. हा हिशोब शांत हवेचा आहे.

प्रत्येकासाठी मापाचं लाइफ जॅकेट असलंच पाहिजे. मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांनी बोट चालू असताना ते घालून राहणं कायद्याने सक्तीचं आहे. आई-बाबांनाही धक्क्यावरच घालायला लावा. "मला नदीत पोहता यायचं" हे बाबांचं म्हणणं खरं असेल, तरी घालायला लावा. चढताना कडेवर पाय नको, पाऊल थेट बोटीच्या मधोमध. आधी एकजण बसला की मग दुसरा. आईला साडीऐवजी पंजाबी ड्रेस सोयीचा पडतो. बसायला मधला बाक सर्वांत स्थिर, आणि तो कापू नका म्हणण्याचं हेही एक कारण.

खाऱ्या पाण्यात चालेल? कोकणात अशा बोटी का दिसत नाहीत?

५००० मालिकेतलं ॲल्युमिनियम समुद्रात टिकतं, पण खारं पाणी दोन धातूंमधली झीज कितीतरी वेगाने घडवतं. न्यू जर्सी किंवा टेक्साससारख्या किनाऱ्यावर नेणार असाल तर प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने धुवा आणि झिजण्यासाठी लावतात ते ॲनोड बघून बसवा: समुद्रासाठी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे, तळ्यासाठी मॅग्नेशियमचे.

कोकणात लहान होड्या लाकडी किंवा फायबरच्या असतात आणि ते तिथे योग्यच आहे. फायबर कुठल्याही बंदरात दुरुस्त होतं, लाकडाला वाडीत सुतार मिळतो. मरीन प्रतीचा पत्रा, भरीव रिव्हेट आणि ते ठोकणारा माणूस तिथे शोधत फिरावं लागेल.

ट्रेलरचं काही करायला हवं का?

चाकांच्या बेअरिंगमधलं जुनं ग्रीस काढून नवं भरा, टायरचं वय बघा, दिवे तपासा. बोट ज्या लाकडी पट्ट्यांवर टेकते त्याही ट्रीटेड लाकडाच्या नकोत. वरून गालिचा असला तरी तांबं ओलीतून पोचतं.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना?

वारा नसलेली सकाळ निवडा. ड्रेनचं बूच लावलंय का ते हाताने चाचपून बघा. धक्क्याला बांधून अर्धा तास नुसती तरंगत ठेवा, ट्रान्समचे कोपरे आणि कण्याची रेघ टॉर्चने तपासा. मग काठाकाठाने चक्कर मारा आणि पुन्हा तपासा. बाहेर काढल्यावर बूच काढा, शेवाळ आणि वनस्पती उपटून टाका, आमिषाचं पाणी ओतून द्या. झेब्रा मसल हे उपद्रवी शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात रस्त्यावर बोट नेताना बूच काढलेलं असणं कायद्याने बंधनकारक आहे.

एवढं करून विकली तर पैसे सुटतील?

सामानाचे कदाचित सुटतील, वेळेचे नाही. विकायचीच झाली तर ट्रान्समची जुनी फळी, नवी फळी, फोम भरतानाचे टप्पे आणि गळतीच्या खुणा यांचे फोटो घेणाऱ्याला दाखवा. ज्याला बोटीतलं कळतं तो त्या फोटोंसाठी जास्त पैसे देतो, आणि ज्याला कळत नाही त्याला त्यामुळे कळतं की पुढे कुठे हात घालायचा नाही.